गुलाबी रिबिनीचं उद्यापन

माझी धाकटी जाऊ कोकिळा हिच्याबद्दल मला तक्रार आहे, आणि ती मी तिच्या तोंडावर करून झालेली आहे, म्हणजे मी माघारी बोलते असं कोणी म्हणायला नको. बाईचा स्वभाव असा की बहादरपुरात सकाळी तिच्या घरी दूध नासलं की दुपारच्या आत ते इथे बुऱ्हाणपुरात माझ्या कानावर येतं. लोटूभाऊजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, बनियनला भोक पडलं, म्हशीनं बादली लाथाडली, शेजारणीनं विरजण नेलं ते परत केलं नाही, सगळं ती फोनवर सांगते. इतक्या मोठ्यानं सांगते की मधे फोन कशाला ठेवलाय असं वाटतं. आणि जे सांगायचं ते मात्र पोटात.

पोळ्याला आम्ही बहादरपुरला गेलो होतो. पुरण वाटताना तिनं मला स्वयंपाकघराचं दार लोटायला लावलं, माझा हात धरला आणि आपल्या डाव्या अंगाला, काखेजवळ नेऊन ठेवला. आत सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून असंल. दुखत नाही ना ताई, मग कशाला बोभाटा?"

"डॉक्टरला दाखवलं?"

"माय वं! तिथं पुरुष डॉक्टर बसतो. त्याला काय दाखवू, पदर बाजूला करून?"

आणि वर माझ्या गळ्याला हात लावून तिनं शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही. आमच्या ह्यांना नाही, लोटूभाऊजींना नाही, माझ्या अनिकेतला नाही, सुनेला तर मुळीच नाही. मी शब्दाची पक्की. हीच माझी चूक. त्या दिवसापासून ती मजेत हळदीचा लेप लावून फिरते आणि काळजी मात्र माझ्या वाट्याला. फोन आला की मी विचारायची, "ते कसं आहे?" तर ही म्हणायची, "म्हैस ना? बरी आहे आता." आमच्या माहेरच्या गल्लीत अशाच एका बाईनं असंच लपवलं होतं. तिचं पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. पण मला ते रोज दिसत होतं.

आता रिबिनीकडे येते.

आमची सून अमृता मुलींच्या शाळेत शिकवते. एके दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या डाव्या खांद्याच्या खाली, पदरावर, एक गुलाबी रिबीन टाचलेली. एकदा दुमडलेली, टोकं खाली लोंबती. ना फूल, ना गोटा, ना झालर. लग्नात वरपक्षाच्या माणसांना आपण बिल्ला लावतो, तो सुद्धा ह्याच्यापेक्षा बरा असतो. मला वाटलं शाळेत पोरींनी काहीतरी शिवायला घेतलं आणि अर्धवट टाकलं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आई, जागरूकता आहे."

"कशाची?"

तिनं मान वळवून बघितलं. आमचे हे आरामखुर्चीत बसून टीव्ही बघत होते. म्हणजे टीव्ही त्यांना बघत होता, पण डोळे उघडे होते. अमृता म्हणाली, "बायकांची." आणि आत निघून गेली.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. त्यानंतर शाळा सुटली ती सुटली. पण घर चालवायला लागतं तेवढं मला कळतं आणि जे कळत नाही ते मी दुसऱ्यांदा विचारत नाही. हा माझा नियम आहे. एकदा विचारलं म्हणजे चौकशी, दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे अडाणीपणा. तेव्हा सुनेला विचारायचा रस्ता बंद झाला.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मला माहीत आहे, पण ते सांगण्यासारखं नाही." ह्याचा अर्थ ह्यांना माहीत नाही. इतक्या वर्षांत एवढं मला समजतं.

मुलाला विचारलं. अनिकेतचे कान लाल झाले. "आई, ते लेडीजचं असतं, अमृताला विचार ना." चांगला बँकेत अधिकारी आहे, लोकांना मोठमोठ्या आवाजात रांगेत उभं करतो, आणि बोटभर रिबीन बघून पायताण शोधत बाहेर गेला.

वरच्या मजल्यावर तृप्ती राहते. नवी नवरी आहे, माहेर खंडव्याचं. तिला मी सहज, केळ्याचे वेफर द्यायच्या निमित्तानं छेडलं. ती म्हणाली, "काकी, वो तो बहुत फेमस है! साल में एक महीना, सपोर्ट के लिए लगाते हैं."

"कोणाला सपोर्ट?"

"सबको."

"कशासाठी?"

"मतलब... ऐसे ही नहीं क्या, अवेअर रहना चाहिए ना." आणि तिनं फोनवर मला एक परदेशातली इमारत दाखवली, अख्खी गुलाबी उजेडात न्हालेली. खाली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. इमारतीला काय झालं होतं, ते तिला माहीत नव्हतं.

शेजारच्या सुलभावहिनी म्हणाल्या, "अहो, नवरात्रात रोजचा रंग असतो ना, त्यातला गुलाबी राहून गेला असेल कोणाचा." मी म्हटलं, नवरात्र होऊन गेलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर. बाकी राहिलेला."

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढी साधी गोष्ट हिला कळली कशी नाही. वाचणाऱ्याचं बरं असतं, त्याला बसल्या जागी सगळं आयतं मिळतं. मी ज्याला विचारीन तो एक तर लाजत होता, नाही तर हसत होता, नाही तर इमारत दाखवत होता.

दोन दिवसांनी अमृता म्हणाली, "आई, समाज भवन मिळवायला तुम्ही चला ना बरोबर. सेक्रेटरी तुमच्या माहेरचे आहेत. रविवारी आमचा कार्यक्रम आहे." मला बरं वाटलं. सुनेला आपली गरज लागणं हे सुख वेगळंच. मी नारायणपेठ नेसून गेले.

सेक्रेटरी म्हणजे माझा चुलतभाऊ लागतो लांबून. त्याला फोनवर अमृतानं आधीच सगळं सांगितलं होतं. तो टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "कार्यक्रमाला ना नाही. पण ते नाव दारावर नको."

"अहो, पण नावच नाही लिहिलं तर बायकांना कळणार कसं?" अमृता म्हणाली.

"मॅडम, खाली देवीची मूर्ती आहे. वर पंगती उठतात. लोक बाया-माणसं घेऊन येतात. ते नाव दारावर लावलं तर उद्या मीटिंगमधे माझं काय करतील? दुसरं काही लिहा. गुलाबी काहीतरी लिहा." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "कमलताई, तुम्हीच सांगा. बरोबर की नाही?"

कुठलं नाव, ते मला ठाऊक नव्हतं. पण माहेरच्या माणसापुढे, सुनेच्या देखत, 'कुठलं नाव रे बाबा' असं विचारणारी मी नव्हे. मी मान हलवून म्हटलं, "बरोबर आहे. नाव नकोच."

अमृता माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुम्ही पण?"

"काही नावं घ्यायची नसतात," मी म्हटलं. आता ह्या वाक्यात चुकीचं काय आहे? कुठेही बसतं.

शेवटी फलकावर लिहिलं, 'गुलाबी अभियान. सर्व भगिनींनी अवश्य यावे.' खाली त्या रिबिनीचं चित्र. परत येताना रिक्षात अमृता फोनमधे तोंड घालून बसली. तिला वाटलं, सासूला सगळं माहीत आहे आणि सासूसुद्धा सेक्रेटरीसारखीच. मला वाटलं, सूनबाईला सगळं माहीत आहे आणि सांगायचं नाही. एकाच रिक्षात, गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.

त्या दुपारी मी अंथरुणावर पडून शांत डोक्यानं विचार केला. फक्त बायकांचं. वर्षातून एकच महिना. पुरुषांनी विचारायचं नाही. बायकांनी बायकांना द्यायचं. डाव्या अंगाला धारण करायचं. देवीच्या दारात नाव उच्चारायचं नाही. आणि परदेशात सुद्धा दिवे लावून करतात. मी उठून बसले. अहो, हे तर व्रत! दुसरं काय असणार? माझ्या जागी कोणीही शहाणी बाई असती तरी हेच म्हणाली असती. शिकलेल्या बायकांनी नवं काढलंय, म्हणून साधं ठेवलंय, गोटा नाही, झालर नाही.

संध्याकाळी मी सुलभावहिनींना सांगून टाकलं. नुसतं सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण त्यांना सवय आहे, कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची.

"उपास निर्जळी की फराळी?"

"फराळी. केळी चालतात."

"चहा?"

मी जरा विचार केला. व्रताला काहीतरी कठीण असायला हवं. "चहा नाही."

"आमच्या सासूबाईंना चालेल का? त्या..." त्यांनी कपाळावरून बोट फिरवलं. सुलभावहिनींच्या सासूबाईंचं कुंकू कधीच गेलेलं. त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"चालेल," मी म्हटलं. "ह्या व्रताला सगळ्या चालतात. सवाष्ण, विधवा, कुमारिका, सगळ्या."

"असं कसं?"

"असंच आहे." व्रत माझं, नियम माझे.

"आणि फळ काय ह्याचं?"

इथे मी खरं सांगते, माझ्या डोळ्यापुढे बहादरपुरचं स्वयंपाकघर आलं. ती सुपारी हाताला लागली. मी म्हटलं, "अंगात दडलेलं दुखणं निघून जातं."

दुसऱ्या दिवशी मी अमृताच्या टेबलावरच्या रिबिनी घेतल्या आणि रिक्षा करून बहादरपुर गाठलं. डॉक्टर म्हटलं की कोकिळेच्या पोटात कळ येते, पण व्रताला ती कधी नाही म्हणालेली नाही. सोळा सोमवार झाले, वैभवलक्ष्मी झाली, कोणी सांगितलं तर ती पिंपळाऐवजी विजेच्या खांबाला सुद्धा फेऱ्या घालील. मी तिच्या डाव्या अंगाला रिबीन टाचली आणि फळ सांगितलं.

तिचे डोळे भरून आले. "म्हणजे डॉक्टर नको ना ताई?"

"व्रतात डॉक्टरचं काय काम? रविवारी भवनात उद्यापन आहे, तेवढं यायचं. न चुकता."

"येते ना! काय आणू?"

"आण केळी."

आणि मग तिनं तेच केलं जे ती नेहमी करते. मी परत घरी पोचायच्या आत अख्ख्या बहादरपुरला गुलाबी रिबिनीचं व्रत कळलं होतं. फोपनारला तिची बहीण दिलेली आहे, तिला फोन गेला. तिथून दापोऱ्याला. इकडे तृप्तीनं फोनच्या स्टेटसवर हळदकुंकवाच्या ताटात रिबीन ठेवून फोटो टाकला आणि खाली हात जोडले. बाजारात गुलाबी रिबीन मिळेना. ज्यांना मिळाली नाही त्यांनी परकराची नाडी रंगवली. मी कोणाला काही सांगायला गेले नाही, त्याच माझ्याकडे येऊन विचारत होत्या. काकू, पिन चालते का, की टाका घालायचा? काकू, अडचण आली तर? काकू, रिबीन तळलेल्या तेलात पडली. मी सगळ्यांच्या शंकांचं निवारण करत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी माझं शिक्षण विचारलं नाही.

अमृताला मात्र काळजी लागली होती. "आई, गेल्या वर्षी दुसऱ्या शाळेनं केलं होतं, एक बाई आली नाही. डॉक्टरीणबाई इंदूरहून आल्या आणि खुर्च्या बघून गेल्या. ह्या वेळी पण तसंच झालं तर त्या परत यायच्या नाहीत."

डॉक्टरीणबाई कशाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मोठ्या कार्यक्रमाला कोणीतरी पाहुणी बोलवावी लागतेच. मी म्हटलं, "येतील बायका. मी बघते."

रविवारी भवनासमोर पहिली ट्रॅक्टरची ट्रॉली आली तेव्हा सेक्रेटरी नुसता उभा राहिला. दुसरी आली तेव्हा तो खाली बसला. ट्रॉलीत बायका आणि बायकांच्या मधोमध केळीचे घड. कोकिळा पहिल्या ट्रॉलीत पुढं, लढाईवर निघाल्यासारखी. सगळ्यांच्या डाव्या अंगाला रिबिनी, हातात ताटं, ताटात निरांजनं.

वरच्या हॉलमधे अमृतानं स्टेजवर थर्माकोलची माणसाएवढी रिबीन उभी केली होती. बायकांनी इकडे तिकडे बघितलं, मूर्ती दुसरी कुठली दिसेना, तेव्हा त्या तिच्याकडेच गेल्या. बघता बघता थर्माकोलला हळदकुंकू लागलं, ओटी भरली गेली, पायाशी केळ्यांचा ढीग झाला. कोणीतरी पायरीवर नारळ फोडला. कोपऱ्यात पडदा लावून मागे एक पलंग ठेवला होता. तिथे देवी निजते असं समजून फोपनारच्या बायका पलंगाला नमस्कार करून आल्या.

अमृता माझ्याजवळ आली. तोंड पांढरं. "आई, हे काय चाललंय?"

"उद्यापन," मी म्हटलं.

"कसलं?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. प्रतिभाताई. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, केस कापलेले, पण कपाळाला टिकली. त्या दारातून आत आल्या आणि बायकांनी त्यांना ओवाळलं. गळ्यातल्या नळीला हळदकुंकू लावलं. त्या बाईनं हूं की चूं केलं नाही. सगळं होऊ दिलं आणि मग अमृताला म्हणाल्या, "एवढ्या बायका? मी तर पाच-दहाचीच तयारी करून आले हो!"

बायका सतरंजीवर बसल्या. आता उद्यापन म्हटलं की कहाणी आलीच. सुलभावहिनी उठून म्हणाल्या, "कहाणी कोण सांगणार? कमलकाकू, तुम्हीच सांगा. तुम्हालाच सगळं माहीत."

कहाणी! नियम केले, उपास केला, फळ केलं, आणि कहाणी करायची राहूनच गेली. दोनशे डोळे माझ्याकडे. मी पदर सावरून उभी राहिले.

"आटपाट नगर होतं," मी म्हटलं. "तिथे एक बाई होती."

"मग?"

"मग... ती बाई होती. चांगली होती."

पुढं मला काही सुचेना. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्या उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, पुढची मी सांगू?" मी बसले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

"त्या बाईला एक दिवस आंघोळ करताना छातीत गाठ लागली," त्या म्हणाल्या. "लहानशी, कडक. दुखत नव्हती. म्हणून तिनं कोणाला सांगितलं नाही."

कोकिळेनं वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरायची नाही.

"तिला लाज वाटली. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. लेप लावला. गाठ वाढली. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता."

शब्द भवनात पडला. खाली देवी, वर पंगतीचा हॉल, आणि बाई माइकवर बोलल्या. कोणाच्या तरी हातातलं ताट निसटलं. डॉक्टरीणबाई थांबल्या नाहीत. "ही रिबीन त्या आजाराची खूण आहे. आज मी इथे प्रत्येकीला तपासणार आहे, त्या पडद्यामागे, मी एकटी. घरी आपली आपण तपासणी कशी करायची, तेही दाखवणार आहे. वेळेत कळलं तर बाई वाचते. बहुतेक वेळा वाचते. एवढीच कहाणी."

सुलभावहिनींचा आवाज पहिला आला. "अहो कमलकाकू, तुम्ही तर व्रत म्हणालात!"

पण मला ते लांबून ऐकू आलं, कारण कोकिळा उठली होती. ती दाराकडे निघाली होती, चपला हातात घेऊन. मी तिच्यामागे धावले. गुडघे म्हणत होते नको, मी म्हणाले गप्प बसा.

दारात ती माझ्यावर फिरली. आवाज मुळात मोठा, त्यात रागावलेली. "शपथ घातली होती मी तुम्हाला! डॉक्टरीणबाईला सांगितलं ना? माझीच कहाणी माइकवर लावली? लेपासकट? सगळ्या बहादरपुरपुढे?"

"मी नाही सांगितलं! एक अक्षर नाही!"

"मग तिला कसं माहीत? आणि मला इथं फसवून आणलं, व्रत म्हणून!"

आता माझ्यापुढे प्रश्न असा होता. मी गप्प बसले तर सगळ्या बायकांना वाटेल, काकू किती हुशार, काय युक्तीनं सगळ्यांना तपासणीला आणलं. सेक्रेटरी सुद्धा तसंच काहीतरी पुटपुटला, "वा कमलताई!" माझी मान वर राहिली असती. पण कोकिळेच्या लेखी मी शपथ मोडणारी झाले असते, आणि ती ट्रॉलीत चढून बहादरपुरला गेली असती. गेली असती म्हणजे गेलीच असती. परत कोण आणणार होतं तिला?

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी कोणाला फसवलं नाही. मला ह्या रिबिनीतलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं! ज्याला विचारलं त्यानं सांगितलं नाही, आणि कळलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली. व्रत मी मनानं लावलं. फळ मनानं लावलं. मला खरंच वाटलं होतं की तुझं दुखणं ह्यानं जाईल. फसवायला आधी माहीत असावं लागतं, कोकिळे!"

मग सुलभावहिनी म्हणाल्या, "म्हणजे तो उपास?"

"तोही माझाच."

"अहो, मी चहा सोडला होता! डोकं फुटायची वेळ आली माझी!"

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी हसली. मग सगळं भवन हसायला लागलं, अमृता सुद्धा, पदर तोंडाला लावून. माझ्या अंगाची लाही झाली. पण हसणं ऐकून कोकिळेचा पाय दारात अडला. तिचा राग हसण्यापुढं टिकत नाही, हे मला माहीत आहे.

"चल," मी म्हटलं. "आधी मी जाते पडद्यामागे. मग तू."

मी! लग्न झाल्यापासून केस मोकळे सोडून मी मोठ्या माणसांपुढे आले नाही. बाळंतपणं झाली ती सुद्धा डोळे मिटून. ती मी सगळ्यांच्या देखत पडदा सारून आत गेले. आत काय झालं ते सांगायचं नाही असं मी आधी ठरवलं होतं, पण न सांगण्यानं काय होतं ते बघितलंय. तर काही होत नाही. डॉक्टरीणबाईंचे हात गार असतात आणि त्या म्हणतात, "काकू, श्वास घ्या." एवढंच. माझं सगळं ठीक निघालं. मी पडल्या पडल्या त्यांना विचारून घेतलं, "पण मग ह्या रिबिनीचा उपयोग काय? औषध नाही, मंत्र नाही. आणि लावायची कोणी? ज्यांना तो आजार आहे त्यांनी, की नाही त्यांनी?"

त्या म्हणाल्या, "कोणीही लावावी. उपयोग एवढाच, की कोणीतरी विचारावं, हे काय आहे? आणि लावणारीनं नीट सांगावं."

विचारायचं काम आमच्या गल्लीनं चोख केलं होतं. सांगायच्या वेळी मात्र सगळ्यांना कामं निघाली. हे मी अमृताला नंतर ऐकवलं. ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे!" मी म्हटलं, "मला वाटलं तुला वाटतंय ते बरंच आहे." ह्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघींना अजून लागलेला नाही.

कोकिळा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर बायकांची रांग, रांगेत सुलभावहिनींच्या सासूबाई पहिल्या, हातात केळं. कोकिळा आली तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या मागोमाग आल्या आणि माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. ह्याच आठवड्यात इंदूरला आणा. फोटो काढावा लागेल, सुईनं तपासणी करावी लागेल.

आम्ही गेलो. कोकिळा, लोटूभाऊजी, मी आणि अमृता. लोटूभाऊजींना अमृतानं गाडीतच सगळं नाव घेऊन सांगितलं. ते खंडव्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग कोकिळेला एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुला?"

पुढच्या खेपेला तपासणीचा निकाल आला. तेच निघालं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान आहे, पसरल्यासारखं दिसत नाही, लवकर ऑपरेशन करून पुढं औषधं घेतली तर भीती कमी. दिवाळीच्या आधीची तारीख देते.

आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. शेजारी कितीतरी माणसं, बाया, पुरुष. कोकिळा पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "ताई, मी ठरवलंय. आत्ता नाही करायचं."

"काय?"

"केळी उतरायला आलीय. मजूर मिळत नाहीत. मग दिवाळी. मग तुमच्या वरच्या मजल्यावरच्या तृप्तीच्या दिराचं लग्न आहे, त्यांनी बोलावलंय. संक्रांतीनंतर बघू. दुखत तर नाही ना. तुम्ही डॉक्टरीणबाईंना सांगा हळूच. लोकांत मोठ्यानं नाव नका घेऊ."

लोटूभाऊजी हात चोळत होते. अमृता काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडत होती, शाळेत सांगतात तसं. मी तिला हातानं थांबवलं. हे समजावण्याचं काम नव्हतं. मी उठून उभी राहिले. व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कोकिळेच्या डोळ्यात बघून म्हटलं:

"कोकिळे, लोक तुला भित्री म्हणतील. तू भित्री नाहीस, तू आगाऊ आहेस! तुला स्तनाचा कॅन्सर झालाय, आणि जगायचं की मरायचं हे तू परस्पर ठरवून मोकळी झालीस, घरात मी मोठी जिवंत असताना? मला न विचारता ह्या घरात लोणचं घातलं जात नाही. ऊठ, तारीख घे!"